थीच्या फळाचा वास

१

फळ सापडलं ते हिएपच्या टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात. पिवळंधमक, लिंबाहून जरा मोठं, अगदी पिकून तयार. मोंग त्रिननं ते रुमालात धरून उचललं आणि मेलेला उंदीर दाखवावा तसं सगळ्यांसमोर धरलं.

"थी आहे," ती म्हणाली. "कुणीतरी इथे थी आणलंय."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. फळ ते फळ. पण सायगॉन शहरातल्या काय-लुओंगच्या संगीत नाटकवाल्यांना विचारा. त्यांच्या धंद्याचे पितर म्हणजे नाटकाच्या वेडापायी जीव गेलेले दोन अल्लड राजपुत्र. नटाच्या पाठीशी तेच उभे असतात, म्हणून त्याला शब्द आठवतात. आणि थीचा गोड वास आला रे आला, की ती पोरं नटाला वाऱ्यावर सोडून फळामागे धावतात. म्हणून नाटकवाला माणूस घरात एक वेळ विंचू सहन करील, थिएटरात थी नाही.

आणि इथे तर लाम थुई गाता गाता अडली होती.

साउ या खोलीचा मालक. मालक कसला, कालव्याकाठच्या गल्लीतला भाडेकरू. उभी हयात त्यानं प्रॉम्प्टर म्हणून काढली. विंगेत, पडद्याआड उभं राहून नटांना ओळी पुरवायच्या. टाळ्या खूप ऐकल्या, पण त्यातली एकही त्याच्यासाठी नव्हती. कंपनी बंद पडली, लग्न राहूनच गेलेलं, आई गेली, आणि मग खोलीत इतकी शांतता झाली की साउ भाताच्या कुकरशी बोलायला लागला. तेव्हा हिएपनं त्याला पॉडकास्ट काढून दिला. हिएप लग्नाच्या हॉलमध्ये आणि नाटकांना आवाजाची यंत्रं सांभाळायचा. "साउकाका, तुम्ही तीस वर्षं सगळ्यांच्या फजित्या जवळून पाहिल्यात. त्यांनाच बोलवा आणि सांगायला लावा."

पॉडकास्टचं नाव 'पडदा अडकला'. सेनापतीची दाढी राजकन्येच्या कपाळाला कशी चिकटली, मेलेल्या खलनायकाला स्टेजवर शिंक कशी आली, असले किस्से. लोक ऐकायचे. पण खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांशी साउला फारसं देणंघेणं नव्हतं. त्या निमित्तानं कुणीतरी घरी यायचं, चहा प्यायचं, हसायचं. माणसं गेल्यावर उष्टे पेले तो मुद्दाम सकाळपर्यंत तसेच ठेवायचा.

आज लाम थुई आली होती. एके काळी जिच्यासाठी होड्यांतून माणसं यायची ती. सोबतीला दोघं जुने: जन्मभर तिच्या दासीची भूमिका केलेली मोंग त्रिन आणि विनोदी नट ताम लुआ. दारात चप्पल काढता काढता थुईनं विचारलं होतं, "आई बरी आहे ना रे साउ?" आणि लगेच कपाळावर हात मारून हसली होती. "बघ माझं! तोंडातून काहीही जातं."

मग दार बंद, खिडक्या बंद, पंखाही बंद. भिंतींना गोधड्या टांगलेल्या. थुईनं तिची सुप्रसिद्ध फजिती सांगितली. राणीचा विलाप चालू असताना विंगेत साउ नूडल्सवाल्या पोराला दबक्या आवाजात म्हणाला होता, "एक वाटी, कांदा कमी." आणि साउच्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या राणीनं तेच सुरात गायलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायका हमसून हमसून रडल्या होत्या.

सगळे पोट धरून हसले. मग साउ म्हणाला, "थुईताई, आता खरं पद होऊन जाऊ दे."

पहिली ओळ झाली. शेवटचा शब्द जिथे खाली उतरतो तिथे ताम लुआनं रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली. दुसऱ्या ओळीला ती थांबली. मग वास, मग आरडाओरडा, मग हे फळ.

"पितरांच्या पूजेला मी गाणार नाही," लाम थुई शांतपणे म्हणाली. "पितरांनी मला सोडलंय."

पूजा पुढच्याच आठवड्यात होती. मोंग त्रिननं फळ खाली ठेवलं आणि बोट हिएपकडे केलं.

"टेबल कुणाचं? आणि थीचं कौतुक कुठे? उत्तरेत! हा कुठला?"

२

दोन दिवसांत गोष्ट सगळ्या नाटकवाल्यांत पसरली. असल्या बातमीला पाय लागत नाहीत, पंखच फुटतात.

साउ हिएपला शोधत गेला तर तो घराच्या पायरीवर वायर गुंडाळत बसलेला. गुंडाळून झाली की सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

"पूजेच्या मंडळींचा फोन आला," हिएप म्हणाला. "येऊ नकोस म्हणाले. दोन नाटक कंपन्यांनीही कळवलं. साउकाका, वीस वर्षं मी यांच्या माइकला फुंकर मारतोय. मला काय थी ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, म्हणूनच तर संशय."

"वा! म्हणजे ठाऊक नसतं तर अडाणी, आणि असलं तर चोर." त्यानं वायर पायरीवर आपटली. "आमच्याकडे आजी थीचं फळ जाळीच्या पिशवीत घालून पोरांना खेळायला द्यायची. तेवढाच माझा गुन्हा. लाम थुईबाईंनी मला एकदा माइक शिट्टी मारतो म्हणून सगळ्यांदेखत झाडलं होतं, तेही उकरून काढलंय लोकांनी."

"वास येतोय असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"माझ्या कानांवर हेडफोन होता. मी मान खाली घालून आवाजाचे काटे बघत होतो, कोण काय बोललं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे उठले तेव्हा कळलं." तो थांबला. "काका, पोरीच्या शाळेत नाटकवाल्यांची मुलं आहेत. ती काल रडत घरी आली. तुम्ही तरी बोला ना कुणाशी."

"बोलतो," साउ म्हणाला. पण बोलायचं काय, ते त्याला माहीत नव्हतं.

मोंग त्रिनचं नाटकांचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान होतं. राजाराणीच्या झगमगीत झग्यांमध्ये बसून ती बटणं शिवत होती. साउला पाहून तिनं सुई दातांत धरली आणि तशीच बोलली.

"आलास? विचार. मीच आणलं का, असंच ना?"

"पूजेला थुईताईच्या जागी तू गाणार म्हणे."

"गाणार. का नाही? चाळीस वर्षं 'बाईसाहेब, घोडा तयार आहे' एवढंच बोलले मी. पण अक्कल गहाण टाकलेली नाही. तिचे पितर ते माझे नाहीत का? त्याच खोलीत मी बसलेली. पुढच्या आठवड्यात गायचं, आणि माझ्याच पाठीशी उभे असणाऱ्यांना मी फळ दाखवून पळवून लावू?"

हे बरोबर होतं. नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणून तिच्यावर संशय घेणं सोपं होतं, इतकंच.

"तू काय घेऊन आली होतीस बरोबर?"

"ही कापडी पिशवी. बघ, हात घाल."

"वास येतोय असं पहिलं कोण म्हणालं?"

"ताम लुआ," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "त्याचंच नाक लांब."

ताम लुआ गल्लीच्या तोंडाशी बर्फाची कॉफी पीत होता. त्यानं मात्र ठासून सांगितलं, "मोंग त्रिन म्हणाली. तिचाच आवाज चढला."

"तामदादा, तू लोकांच्या मुकुटात बेडूक ठेवलेस."

"ठेवले. पाल सोडली, मिशांना खाजकुयली लावली. सगळं केलं, आणि सगळं तुझ्या पॉडकास्टात सांगितलंही. पण थी?" त्यानं दोन्ही कान पकडले. "अरे, विनोद करणारा माणूसच शब्द विसरला तर उपाशी मरेल. आणि मी हलणार कधी? एका हातात पेला, दुसऱ्या हातात वारा घ्यायला पुठ्ठा. तुझ्या खोलीची भट्टी झाली होती."

"ती थांबली तेव्हा तू काय करत होतास?"

ताम लुआ पहिल्यांदाच गंभीर झाला. "श्वास घेऊन बसलो होतो. तिला आता आठवेल, आता आठवेल, म्हणून. लांबलचक श्वास. तुझ्या गोधड्या उन्हात घालत जा बाबा, असा कुबट वास येतो."

साउ पुढे वाकला.

"पुन्हा सांग. तेव्हा कसला वास येत होता?"

"गोधड्यांचा. का रे?"

साउ घराकडे जवळजवळ पळतच निघाला.

३

हिएपनं रागारागात यंत्राचं कार्ड तिथेच टाकलं होतं. साउनं दार लावलं, हेडफोन चढवला आणि ऐकायला बसला.

त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पिकलेलं थी बंद खोलीत असेल तर दोन मिनिटांत भिंतीसुद्धा घमघमतात. ही माणसं गाण्याआधी कितीतरी वेळ चहा पीत बसली होती. तेव्हा कुणाला वास आला नाही. ती थांबली तेव्हाही ताम लुआला गोधड्यांचाच वास येत होता. म्हणजे जो तो समजत होता ते उलटं होतं. फळामुळे ती विसरली नव्हती. ती आधी विसरली, फळ नंतर बाहेर आलं.

हेडफोनमध्ये हसणं आलं. त्यात स्वतःचं हसणं साउला वेगळं ओळखू आलं, सगळ्यांच्या मागून रेंगाळत राहिलेलं. मग पद सुरू झालं. पहिली ओळ, टाळी. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द. मग काहीच नाही.

ही शांतता साउनं आयुष्यभर ओळखली होती. नट भावनेनं थांबतो तेव्हा त्याचा श्वास धरलेला असतो. विसरतो तेव्हा श्वास सुटतो. इथे श्वास सुटला होता. जुन्या सवयीनं साउचे ओठ हलले. त्या दिवशीही हलले असतील. पण यजमान म्हणून समोर बसलेला माणूस ओळ कशी पुरवणार? तिच्या अब्रूचा प्रश्न होता. तो गप्प राहिला होता.

मग आवाज आला. टक्. पाठोपाठ प्लॅस्टिकची चुरचुर. जमिनीवर काहीतरी हलकेच घरंगळलं. आणि मग एक बाईचा आवाज, मोंग त्रिनच्या ओरडण्याच्या कितीतरी आधी, अगदी हळू:

"हा कसला वास?"

साउनं तेवढंच पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

मोंग त्रिनकडे कापडी पिशवी होती, तिला चाप नाही. ताम लुआचे दोन्ही हात गुंतलेले. हिएपच्या पिशवीला चेन. टक् वाजणारी एकच वस्तू त्या खोलीत होती, मण्यांची पर्स, पितळी चापाची. दर प्रवेशाआधी विंगेत ती पर्स साउच्या हातात यायची आणि प्रवेश संपला की परत घेतली जायची. तो चाप त्याला झोपेतही ओळखता आला असता. आवाजही.

साउनं हेडफोन काढला. गुन्हेगार सापडल्याचा आनंद म्हणतात तो कसा असतो कोण जाणे. त्याला तर वाटलं, हे कार्ड हिएपनं नेलं असतं तर किती बरं झालं असतं.

४

लाम थुई भाचीच्या घरी वरच्या मजल्यावर राहायची. भाची कामावर गेलेली. थुईनं साउपुढे पेला ठेवला, चहा ओतला, खाली बसली. मग पुन्हा उठून भरलेल्या पेल्यात चहा ओतायला लागली. चहा टेबलावर सांडला. दोघांनी तो पाहिला.

"थुईताई," साउ म्हणाला, "फळ तुमच्या पर्समध्ये होतं."

"काहीतरीच! पितरांची पूजा तोंडावर आलेली, आणि मी थी आणीन? मी?"

"तुम्हीच आणाल. दुसऱ्या कुणाची हिंमत नाही, आणि दुसऱ्या कुणाला गरजही नाही."

थुई त्याच्याकडे बघत राहिली. रंगमंचावर ती रागावली की मागचे पडदे हलायचे. आता नुसती हनुवटी हलली.

"यंत्रात ऐकू येतं?"

"सगळं."

तिनं बाल्कनीतल्या कुंड्यांकडे मान वळवली. "तुझ्या आईच्या प्रेताला मिठी मारून मी रडले होते, साउ. आणि दारात विचारलं, आई बरी आहे का. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण तू किती दिवसांपासून बोलावत होतास. म्हटलं जाऊ. गाता आलं तर आलं. नाही आलं तर कारण पर्समध्ये आहे, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेलं."

"पण असं कारण?"

"मग दुसरं कुठलं सांगू?" तिचा आवाज चढला. "पितर रुसले तर नारळ, डुकराचं मांस, उदबत्ती ठेवून परत बोलावता येतात. डोकंच सोडून गेलं तर कुठली उदबत्ती लावू, सांग? आज मोंग त्रिन माझ्यावर जळते. उद्या कीव करील. तिच्या जळण्यावर मी इतकी वर्षं जगले रे."

तिचा हात मांडीवर होता. तो धरावा असं साउला वाटलं. तीस वर्षांत त्यानं तो कधी धरला नव्हता.

"खोलीत कुणी बाहेरचा शिरला असेल असं म्हणतील, असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "फळ घरंगळून त्या उत्तरेच्या पोराकडे जाईल हे मला ठाऊक नव्हतं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय, ताई. हिएपचं काम गेलं. त्याची पोरगी रडते."

"मग मी सांगते सगळ्यांना." ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "नाही सांगवणार, साउ. मी केलेल्या सगळ्या राण्या मिळून आल्या तरी माझ्याच्यानं नाही होणार."

गल्लीतून टोफूवाल्या बाईची हाक आली आणि गेली.

"तुम्ही पूजेला गाणार का?" साउनं विचारलं. "फळ कुणी आणलं ते कळलं, त्यानं पितरांची क्षमा मागितली, असं झालं तर?"

"तर पितर परत आले असं सगळे समजतील. मीही समजेन. कदाचित गाईनही." तिनं हात खाली घेतले. "पण कोण घेईल असलं खापर डोक्यावर? त्या माणसाची सावलीसुद्धा कुणी नाटकवाला अंगावर घेणार नाही."

साउ उठला.

"साउ! अरे, मग तुझ्याकडे कोण येईल?"

"आत्ता तरी कोण राहतं येऊन?" तो म्हणाला. "चहा पिऊन जातातच की."

५

'पडदा अडकला'चा तो भाग साउनं एकट्यानंच रेकॉर्ड केला. आधी त्यानं तो टक् आवाज आणि त्यानंतरचा सगळा तुकडा पुसून टाकला. मग माइकसमोर बसून स्वतःची फजिती सांगितली.

तापात त्याचं नाक गेलं होतं म्हणे. बाजारात पितरांसाठी फळं घेताना म्हातारीनं पिशवीत काय टाकलं ते त्यानं बघितलंच नाही. पिशवी टेबलाखाली, गाठ सुटली, फळ सुटलं. "मंडळी, तीस वर्षांचा अनुभवी प्रॉम्प्टर! जे पितरांपासून लांब ठेवायचं, तेच फळ पितरांनाच वाहायला घेऊन आला!" जिथे हशा यायला हवा तिथे तो सवयीनं थांबला. मग कुणी हसत नाही हे लक्षात येऊन पुढे बोलला. पितरांची, लाम थुईबाईंची आणि हिएपची त्यानं नाव घेऊन माफी मागितली.

लोक मात्र हसले. साऱ्या भागांत हाच सगळ्यात जास्त ऐकला गेला. हिएपला मंडळींनी परत बोलावलं. मोंग त्रिन स्वतः त्याच्या घरी केळीच्या पानातला चिकट भात घेऊन गेली. लाम थुई गाणार अशी बातमी आली.

हिएप एकदाच आला, आपली यंत्रं न्यायला.

"तुमचं फळ होतं," तो म्हणाला. "माझ्या पायरीवर बसून मलाच विचारत होतात, वास येतोय असं पहिलं कोण म्हणालं. तुम्हाला ठाऊक होतं, काका?"

साउच्या जिभेवर खरं येऊन थांबलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर हा पोरगा खाली बसला असता, चहा प्याला असता.

"नव्हतं," तो म्हणाला. "नंतर लक्षात आलं."

"माझी पोरगी तुम्हाला आजोबा म्हणते." हिएपनं माइक गुंडाळला. "असू दे. म्हातारपणी होतं माणसाचं असं."

तो गेला. टेबलाच्या जागी फरशीवर चौकोनी डाग तेवढा राहिला.

पूजेच्या दिवशी साउला बोलावणं नव्हतं. थी आणलेल्या माणसाला मांडवात कोण घेईल? सकाळपासून गल्लीतून ठेवणीतले कपडे घातलेली नाटकवाली मंडळी जात होती. ताम लुआ त्याच्या दारावरून गेला तेव्हा त्यानं मान दुसरीकडे वळवली, पण चालणं जरा हळू केलं. साउनं भात लावला, उदबत्ती लावली, आणि खुर्चीत बसून राहिला. त्याला फार एकटं वाटत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

फोन वाजला.

मागे झांजा, लाकडी ताशा, माणसांचा गलका. आणि अगदी जवळ, फोनला ओठ लावून, धाप लागलेला आवाज.

"साउ, पहिली ओळ आहे माझ्याकडे. दुसरी दे."

साउ खुर्चीतून उठून उभा राहिला. प्रॉम्प्टर बसून कधी बोलत नाही.

"पाणी ओसरलं तरी होडी परतली नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सांगा आता केस विंचरू कुणासाठी."

"केस विंचरू कुणासाठी," ती पुटपुटली. तिकडे कुणीतरी तिचं नाव पुकारलं. फोन बंद झाला.

साउनं तो कानावरून काढला नाही. ती आता पायऱ्या चढत असेल, आता नमस्कार करत असेल, आता वाद्यं थांबली असतील, असा अंदाज घेत तो थांबला. मग त्यानं तिसरी ओळ सांगितली. श्वास घेण्यापुरता वेळ दिला, आणि चौथी सांगितली.